मधली ओंजळ

९ ऑक्टोबर. सकाळपासून निर्लेखनाचं काम चाललंय. दर काही वर्षांनी प्रयोगशाळेतलं निकामी सामान कपाटांतून बाहेर काढायचं, प्रत्येक वस्तूला यादीत एक ओळ द्यायची, तीन सह्या घ्यायच्या आणि सगळं भंगारात पाठवायचं. विद्यार्थी या कामाला टाळाटाळ करतात, म्हणून ते माझ्याकडेच येतं. आज तिसऱ्या कपाटातून तळहाताएवढं एक हिरवं सर्किट निघालं. त्याला चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'हात लावू नये'. ते कधीचंच बंद पडलंय. यादीत त्यालाही एक ओळ दिली. जुन्या वस्तू सांभाळत बसायला कपाटं पुरत नाहीत. पण त्या सर्किटाच्या दिवसांबद्दल विद्यार्थी अधूनमधून विचारतात, तर एकदाचं लिहून टाकते.

माझं काम थोडक्यात सांगायचं तर असं: कॉम्प्युटरच्या चिपमधून गुपितं कुठून झिरपतात ते मी शोधते, आणि चोरांच्या आधी शोधते. कार्डाच्या मशीनमध्ये, कुलपांमध्ये, मोबाइलमध्ये ज्या चिपा असतात, त्यांच्या पोटात काही आकडे दडवलेले असतात. ते बाहेरच्याला कळता कामा नयेत. ते कसे कळू शकतात हे मी दाखवते, आणि मग बनवणाऱ्याला भोक बुजवायला लावते. हे शिक्षण मी कुठे घेतलं असं विचारतात तेव्हा मी विद्यापीठाचं नाव सांगते. ते खरंच आहे. पण निम्मं शिक्षण पिंपळगाव राजाला झालं, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत.

त्या खोलीत पिठाची चक्की होती. बाबा शेताचं पाहायचे, चक्की मायची. मोटर सुरू केली की आधी एक घुमारा, मग पट्ट्याची फटफट, मग दगडांचा आवाज, आणि त्याच्यावर ओरडून बोलणाऱ्या बाया. आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात ते त्यामुळे. मी मागच्या खोलीत अभ्यासाला बसायची. दाराला पडदा होता, पुढचं काही दिसायचं नाही, पण चक्कीत काय पडलंय ते मला बसल्या जागी कळायचं. गव्हाचा आवाज दाट आणि एकसुरी. ज्वारी सरसर जायची. हरभऱ्याची डाळ पडली की कडकड व्हायची, मोटरवर ताण यायचा आणि माझ्या डोक्यावरचा दिवा मंद व्हायचा. भगर तर आवाजच करायची नाही, जणू दगड रिकामाच फिरतोय.

चक्कीवर भांडणं व्हायची ती क्रमावरून. आधीच्या दळणाचं थोडं पीठ दगडांत राहतं आणि पुढच्याच्या पिठात उतरतं, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत. म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असं दळून घ्यायला बाया थांबून राहायच्या. धान्य बदललं की माय घरची एक ओंजळ मध्ये टाकायची. ती ओंजळ आधीच्याचा उरलासुरला माल आपल्याबरोबर घेऊन बाहेर यायची आणि पुढच्याचं दळण स्वच्छ निघायचं. माय तिला 'मधली ओंजळ' म्हणायची. एरवी ती ज्वारीची असे. नवरात्रात उपासाचं दळण असलं की भगरीची, आणि ती भगर वेगळ्या स्टीलच्या डब्यात. या ओंजळींचं पीठ दिवसभर एका पिंपात साठायचं आणि संध्याकाळी त्याच्याच भाकरी व्हायच्या. त्यामुळे आमच्या भाकरीला रोज नवी चव. कधी डाळीचा खमंगपणा, कधी बाजरीचा कडवटपणा, सोबत ठेचा आणि आंबाडीची भाजी. गावाने दिवसभरात काय दळलं ते आम्ही संध्याकाळी खायचो. लग्नसराईत तर छानच असायच्या त्या भाकरी.

आता त्या वर्षाचं सांगते. मी बुलडाण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते आणि तिथेच पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषयाची कल्पना अर्थात चक्कीवरून सुचलेली. मोटर किती वीज ओढते त्यावरून आत डाळ आहे की गहू ते कळतं, तर चिप किती वीज ओढते त्यावरून तिच्या पोटातलं गुपित का कळू नये? कल्पना बरोबर होती, जगात इतरांनी ती सिद्धही केली होती. पण त्यांच्याकडे स्वच्छ वीज होती. आमच्याकडे भारनियमन. दिवे यायचे ते थरथरत, जायचे ते न सांगता, आणि शेजारच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग सुरू झालं की माझ्या आलेखावर डोंगर उभे राहायचे. दोन वर्षं मी ते डोंगर मोजले. माझे मार्गदर्शक वानखडे सर अकोल्याकडचे, वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि घाबरले की वऱ्हाडी. आढावा समितीची तारीख जवळ आली तसे ते दिवसभर वऱ्हाडीच बोलू लागले.

समितीत पुण्याहून आलेले एक परीक्षक होते. आधीच्या आढाव्याला ते माझे आलेख पाहून म्हणाले होते, "बुलडाण्यात बसून हार्डवेअर सिक्युरिटी? इथे आधी दिवे तरी असतात का?" सगळे हसले. मी घाबरून "हाव, असतात न" म्हणाले तेव्हा आणखी हसले. मग त्यांनी शेरा लिहिला: पुढील आढाव्यापर्यंत ठोस निष्कर्ष न मिळाल्यास नोंदणी रद्द करावी. तो पुढचा आढावा दिवाळीनंतर होता. नोंदणी गेली असती तर पुन्हा कोणी घेतलं नसतं. माझं वय सत्तावीस, बाबांनी दोन स्थळं आधीच थांबवून ठेवलेली.

त्यातच नवरात्राच्या तोंडावर माय ओट्यावरून घसरली आणि उजव्या मनगटाला प्लास्टर आलं. मी रजा टाकून घरी आले आणि चक्कीवर उभी राहिले. दिवे दिवसाला चार-पाच तास. दिवे आले की डब्यांची रांग दारातून रस्त्यावर जायची. माय दाराशी बाज टाकून बसायची, हात गळ्यात, तोंड मोकळं. "पट्टा ढिला पडून राह्यला," "दगड दाबू नको, पीठ जळन," अशा सूचना सतत. मी दळत होते, पण डोक्यात आलेख.

चौथी माळ असावी. रांगेत शांताकाकू होती, आमच्या मागच्या गल्लीतली, आणि तिच्या मागे गोदाकाकू, जिचे नऊ दिवसांचे कडक उपास गावभर प्रसिद्ध. शांताकाकूचं दळण काढलं, गोदाकाकूची भगर ओतली, दिली. दहा मिनिटांनी गोदाकाकू डबा घेऊन परत.

"संगे, हे काय करून ठेवलं वं? माह्या भगरीत पिवयं काऊन दिसून राह्यलं?"

मी डब्यात पाहिलं आणि समजले. मधली ओंजळ टाकायची राहिली होती. चक्कीवर वाढलेल्या मुलीने ही चूक करणं म्हणजे सुताराच्या पोराने उलटा खिळा ठोकण्यासारखं. रांगेतल्या बाया पुढे सरकल्या.

"शिकून शिकून पोट्टी चक्की इसरली," मागून कोणीतरी म्हणालं.

"आन इकडे," माय म्हणाली. डाव्या हाताने तिने चिमूट उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. "डाय हाये. भाजेल. अन् जाडी काढेल." पुन्हा चोळली. "हे त लाडवाचं दयण होय."

गोदाकाकूच्या आधी कोण होतं ते विचारायची गरजच पडली नाही. शांताकाकू दळण झाल्यावरही गप्पा मारत ओट्यावरच उभी होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"काऊन वं शांते," गोदाकाकू म्हणाली, "नवरात्रात लाडू? तुनं त म्हने उपास धरेल हाये."

"पोराले पाठवाचे हायेत होस्टेलवर."

"पोराले पाठवाले एवढी निवडून-पाखडून डाय?" माय म्हणाली. "एक टरफल नाई इच्यात. बबीले पाह्याले पाव्हणे येऊन राह्यले, खरं सांग."

शांताकाकूचा चेहरा लाल झाला. "तुह्या तोंडाले काई आवर? अजून पक्कं नाई अन् तू गावात दवंडी पिट!"

"कोठचे?" गोदाकाकूने विचारलं. तिचा डबा आता खाली होता.

"जयगाव जामोदचे."

"शेती?"

"शेती हाये, अन् पोरगा मास्तर हाये."

"मंग लपवतं कायले!"

मी घरातली भगर गोदाकाकूला मापून दिली, आधी मधली ओंजळ टाकून दळून दिली, माफी मागितली. तिचं लक्षच नव्हतं. ती शांताकाकूला मुलाचं आडनाव विचारत होती. दिवे गेले आणि रांग पांगली, पण मी चक्कीपाशीच उभी राहिले. शांताकाकूने आपलं गुपित डब्यात झाकून आणलं होतं. तिचं दळण कोणी पाहिलं नव्हतं, तिला कोणी विचारलं नव्हतं. ते गुपित तिच्या पिठातून फुटलं नाही. ते फुटलं तिच्यानंतर आलेल्या बाईच्या पिठातून.

दोन वर्षं मी जणू मागच्या खोलीत बसून चक्कीचा आवाज ऐकत होते, वेल्डिंगचा गोंगाट असतानाही. मला नुसतं पुढच्या खोलीत जाऊन रांगेत उभं राहायचं होतं. गिऱ्हाईक व्हायचं होतं. चिपमध्येही सगळ्या कामांना मिळून एकच छोटी, वेगवान जागा असते. एक काम झालं की त्याचे अवशेष तिथे राहतात. मी आधी ती जागा माझ्या ओळखीच्या आकड्यांनी भरायची, मग गुपित असलेल्या कामाला चालू द्यायचं, आणि मग माझेच आकडे परत मागायचे. जे लगेच परत आले त्यांच्या जागी कोणी बसलं नव्हतं. ज्यांना वेळ लागला, तिथे कोणीतरी बसून गेलं होतं. किती वीज ओढली याच्याशी संबंधच नाही. मोजायचा तो फक्त माझा स्वतःचा वेळ. तो दिव्यांवर अवलंबून नव्हता. मी गोणीवर बसले आणि विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर सगळं मांडलं. माय म्हणाली, "चुकीचं दयण केलं त रडाले लागशीन वाटलं होतं. तू त हसून राह्यली."

(परदेशात काही जण मोठ्या कॉम्प्युटरवर हाच रस्ता चालू लागले होते, हे मला नंतर समजलं. पण अशा छोट्या, कुलूपबंद चिपवर तोपर्यंत कोणी केलेलं मी वाचलं नव्हतं. आमच्या ग्रंथालयात वाचायला मिळत होतं तेवढं सगळं मी वाचलं होतं.)

मायचं प्लास्टर निघायच्या आधीच मी कामाला लागले. पहाटेची बस, खामगावला बदल, बोथ्याचा घाट, कॉलेज, संध्याकाळी परत चक्की. पहिला आठवडा नुसता कचरा. मग लक्षात आलं की एका ओंजळीने भागत नाही. तेच दळण पुन्हा पुन्हा करायला हवं, म्हणजे योगायोग गळून पडतो. हजार वेळा केलं. मग एका दुपारी पडद्यावर एक आकडा इतरांपेक्षा उंच उभा राहिला, आणि तो बरोबर होता. मी वानखडे सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, खुर्ची ओढली, पुन्हा पाहिलं. "संगीता, हे खरं असन त मी पुढच्या महिन्यात स्कूटर विकून तुला चांगला ऑसिलोस्कोप घेऊन देतो." मी म्हटलं, "सर, आता वीज मोजायचीच नाही, त्याची गरज राहिली नाही. स्कूटरची फक्त बॅटरी द्या."

आढाव्याच्या दिवशी मी टेबलावर सर्किट मांडलं, शेजारी विभागाचा एकमेव लॅपटॉप आणि सरांच्या स्कूटरची बॅटरी. सर त्या दिवशी रिक्षाने आले. पुण्याच्या परीक्षकांनी बॅटरीकडे पाहिलं.

"हे काय, शेतीचं अवजार आहे का?"

"नाही सर. बुलडाण्याचे दिवे आहेत."

या वेळी हसले ते इतर. परीक्षक म्हणाले, ठीक आहे, दाखवा, पण आकडे माझे. त्यांनी एका कागदावर सोळा आकडे लिहिले, घडी करून खिशात घातली, आम्हाला पाठ फिरवायला सांगितली आणि सर्किटाच्या बटणांवरून ते आत टाकले. निर्मात्याने तपासणीसाठी ठेवलेल्या सोयीचा परवलीचा शब्दही त्यांनी स्वतःच ठरवला, म्हणजे चिपच्या पोटात डोकावण्याची सरळ वाट फक्त त्यांच्याकडे. मी माझं काम सुरू केलं. चौथा आकडा पडद्यावर आला आणि पंखा थांबला. दिवे गेले. मागच्या बाकावर कोणीतरी "घ्या" म्हणालं. पडद्यावर पाचवा आकडा आला. मग सहावा. सोळावा येईपर्यंत परीक्षक उभे राहून माझ्या खांद्यावरून पाहत होते.

त्यांनी कागद उलगडला आणि बोट ठेवत ठेवत पाहिलं. आठ बरोबर. नवव्यावर बोट थांबलं. पुढचे सात बरोबर.

"नववा चुकला," ते म्हणाले. "मी नऊ लिहिलाय, तुमच्याकडे सहा आहे. म्हणजे पद्धत अजून भरवशाची नाही."

वानखडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकड्याच्या बाजूचा वेळ पाहिला. इतर पंधरांसारखाच स्पष्ट होता. शंकेला जागाच नव्हती.

"सर, माझा चुकला नाही. तुम्ही टाकताना सहा टाकला."

"मी?"

"बटणांमध्ये सहाच्या खालीच नऊ आहे. परवलीचा शब्द तुमच्याकडे आहे. आत पाहून घ्या."

खोलीत जे सात-आठ लोक होते, त्यांच्यापैकी एकानेही अशा सुरात त्यांच्याशी बोलताना कोणाला ऐकलं नसावं. ते बसले. शब्द टाकला. चिपने स्वतःच्या पोटातली संख्या दाखवली. नववा आकडा सहा होता.

त्यांनी कागद पुन्हा पाहिला, पडद्याकडे पाहिलं, मग कागदाची घडी करून खिशात परत ठेवली. वानखडे सर म्हणाले, "सर, चिपमध्ये तुमी काय टाकलं ते तुमच्याआंधी हिले माहीत होतं," आणि मग स्वतःच्याच बोलण्याने घाबरून खिडकीबाहेर पाहू लागले. परीक्षकांनी शेऱ्याचा कागद ओढला, 'नोंदणी सुरू ठेवावी' लिहिलं, थोडं थांबले आणि खाली आणखी एक ओळ घातली: 'काम उत्कृष्ट. त्वरित प्रकाशित करावे.' पुढे कित्येक वर्षं ते माझे लेख तपासायचे, आणि त्यांच्या शेऱ्यांत एक वाक्य नेहमी असे: आकडे दोनदा पडताळले आहेत. मला त्यांच्याबद्दल राग नाही. चूक समोर आल्यावर ती मान्य करायला त्यांना एक मिनिट लागलं. बऱ्याच जणांना आयुष्य लागतं.

चहा झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही चिप कुठेकुठे बसवलेली आहे, कल्पना आहे ना? तुम्ही कोणाला काही लिहू नका. कंपनीत माझी ओळख आहे. मी पुण्याहून पत्र पाठवतो, लेखही तिकडून पाठवू. तुमचं नाव घालूच." वानखडे सर शेजारी उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "उद्या सांगते, सर."

संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा चक्की चालू होती, बाबा उभे होते. मायला सांगितलं, माझं झालं. "कोन्तं?" "नोंदणीचं. ते त्या दिवशीच्या दळणावरून सुचलेलं." तिला दोन वाक्यांत समजावलं, पुण्याच्या सरांच्या पत्राचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "म्हंजे आता तू लोकायच्या मशिनीतलं पीठ चोयत फिरशीन." मी म्हटलं, हो, तसंच. "मंग तो पुन्याचा कोन होय मधात पत्र लिहिनारा?" आमच्याकडे पिठल्याला फोडणी देता देता असे प्रश्न विचारले जातात. बाबा म्हणाले, स्थळवाल्यांना मी उद्या 'नाही' म्हणून कळवतो. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसने खामगावला उतरले. स्टँडसमोरचं इंटरनेट केंद्र उघडेपर्यंत पायरीवर बसले, मग पहिल्या मशीनवर जाऊन चिप बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. भोक कुठे आहे, ते कसं पडताळायचं, बुजवायचं कसं, हे लिहिलं. दुरुस्तीला वेळ देण्यासाठी तीन महिने थांबेन आणि नंतर लेख छापेन, हेही लिहिलं. खाली आधी माझं नाव घातलं, मग वानखडे सरांचं, मग कॉलेजचं आणि बुलडाण्याचं. पाठवलं. पुण्याच्या सरांना त्याची एक प्रत पाठवली, आभार मानून. आणि साडेआठची बस धरून, घाट चढून, साडेदहाच्या तासाला फळ्यापुढे उभी राहिले.